पेन्सिलीच्या फुल्या

पुढचं दार सताड उघडून त्याच्या चौकटीत लाल कापड ताणलं गेलं आणि कापडाच्या मधोमध भलामोठा पंखा बसला, तेव्हा मामा म्हणाले, "झालं. घराला सलाईन लागलं."

कुणी हसलं नाही. मामांनाही बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. बाबांना जाऊन अजून तीन महिने पुरे झाले नव्हते.

तपासनीस बाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. बूट दारात काढून, जाड मोज्यांनी घरभर फिरून त्यांनी सगळ्या खिडक्यांच्या कड्या स्वतः लावल्या होत्या. आता त्या पंख्याच्या नळ्या एका छोट्या यंत्राला जोडत होत्या आणि जोडता जोडता समजावत होत्या. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढणार. आतली हवा कमी झाली की जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत शिरणार. ती किती शिरते ते यंत्र सांगणार.

"आकडा दहाच्या वर गेला तर घर योजनेत बसतं," त्या म्हणाल्या. "मग भिंतींना आतून अस्तर, छतावर जाड थर, खिडक्यांना दुहेरी काच. बहुतेक खर्च सरकारचा."

"आणि दहाच्या खाली आला तर?" दादानं विचारलं.

"तर घर पुरेसं बंद आहे असं धरतात. अर्ज निकालात निघतो."

दादानं मान हलवली आणि धाकटीकडे, बहिणीकडे, पाहिलं. तो हीटरला पाठ लावून उभा होता, अंगात कोट. बाबा गेल्यापासून तो या घरात एकदाही कोट काढून बसला नव्हता. येताना कोट, चहा पिताना कोट. बोलून दाखवण्यापेक्षा हे जास्त झोंबायचं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

"ठरलंय ना आपलं?" तो हळूच म्हणाला.

"ठरलंय," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला. आई आणि वहिनी आत होत्या. धाकटीनं छातीशी धरलेली फाईल उगाचच नीट केली.

ठरलं होतं ते रविवारी, फोनवर. अर्ज बाबांच्या नावावर होता. ते गेल्यामुळे आता तिघांच्या सह्या लागणार होत्या, आईची, दादाची आणि तिची. दादा सही करायला तयार नव्हता. या घरानंच बाबांना नेलं, असं त्याचं म्हणणं. सलग दोन हिवाळे त्यांची छाती भरून येत होती, तरी माणूस इथेच बसून राहिला, आणि आता आईही तेच करणार. तिला घेऊन जायचं आणि घर विकून टाकायचं. त्यावर धाकटी चिडून म्हणाली होती, "यंत्र काय सांगतं ते बघू. घर योजनेत बसलं तर तू मुकाट्यानं सही करायचीस. नाही बसलं तर मी विकायच्या आड येणार नाही." फोन ठेवल्यावर तिला आपल्याच धिटाईचं नवल वाटलं होतं. पण खरं तर त्यात धिटाई नव्हतीच. या घरात बंद खिडकीचा पडदा हलायचा. बाबा म्हणायचे, इथे पेपर वाचायला हात लागत नाही, पानं आपली आपण उलटतात. आकडा पंधराच्या खाली येईलच कसा?

आणि फुल्या होत्या.

बाबांनी चाळीस वर्षं शीतगृहात मेकॅनिक म्हणून काढली. दुसऱ्यांची फळं आणि मासे गार राखण्यात जन्म गेला आणि स्वतःचं घर काही त्यांना ऊबदार करता आलं नाही. मागच्या हिवाळ्यात ही योजना निघाली तेव्हा त्यांनी मेणबत्ती घेतली, कानाला पेन्सिल अडकवली आणि घर पालथं घातलं. जिथे ज्योत वाकली तिथे भिंतीवर फुली, फुलीशेजारी वारा कुठून कुठे जातो त्याचा बारीकसा बाण. धाकटी त्यांच्यामागून फॉर्म घेऊन फिरत होती. "तपासणीला येतील त्यांना शोधत बसायला नको," बाबा म्हणाले होते. एक्केचाळीस फुल्या झाल्या. शेवटच्या काढताना ते दर तिसऱ्या फुलीला खुर्चीवर टेकत होते.

पंखा सुरू झाला.

आधी नुसती घरघर. मग लाल कापड आतल्या बाजूला फुगलं, वरच्या मजल्यावर एक दार आपटलं, आणि आई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पाठोपाठ वहिनी.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "पाचेक मिनिटं चालेल."

"घाबरतंय कोण," आई म्हणाली. "चहा गार होईल, एवढंच."

मामा डोळे बारीक करून यंत्राचा आकडा दुरून वाचायचा प्रयत्न करत होते. बाईंनी यंत्राकडे पाहिलं, नळी तपासली, परत पाहिलं. मग पंखा बंद करून पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांदा मोजलं.

"आठ पॉइंट सहा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मामांनी विचारलं, जणू त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"म्हणजे घर चांगलं बंद आहे. या वयाच्या घराच्या मानानं खूपच चांगलं."

आईच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. पाहुण्यांनी घर नीटनेटकं ठेवलंय म्हणावं तसं. तिनं वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीनं खाली.

"शक्य नाही," धाकटी म्हणाली.

"ताडून बघितलं की दोनदा," दादा म्हणाला. आवाजात विजय नव्हता. उलट आपण जिंकल्याचीच त्याला धास्ती बसल्यासारखा तो कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला.

"शक्यच नाही! इथे बघा, इथे फुली आहे. तुमच्याकडे ती धुराची नळी आहे ना? इथे धरा."

बाईंनी खिशातून पेनाएवढी नळी काढली. तिच्या टोकातून पांढरा धूर निघाला. पंखा चालू होता. खिडकीखालच्या फुलीशी त्यांनी नळी धरली. धूर सरळ वर गेला.

पुढची फुली. सरळ वर. जिन्याखालची, जिथून बाबांच्या म्हणण्याप्रमाणे टोपी उडायची, तिथेही सरळ वर.

"खूण आहे," बाई म्हणाल्या, "पण वारा नाही."

धाकटी गुडघ्यांवर बसली. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथली लाकडी पट्टी सुटून बोटभर फट पडली होती. आता ती फट दिसत नव्हती. काहीतरी दाबून दाबून बसवलं होतं, वरून लांबीचा, फटी बुजवायच्या लगद्याचा, पातळ हात फिरवला होता. हात चांगला सफाईदार होता. फक्त एका कोपऱ्यात लांबीतून एक धागा सुटला होता.

तपकिरी लोकरीचा.

तिनं धागा ओढला नाही. बाबा गेल्यापासून ती त्यांचा तपकिरी स्वेटर शोधत होती. कपाटं, ट्रंक, माळा. आईला दोनदा विचारलं होतं आणि आई दोन्ही वेळा म्हणाली होती, "असेल कुठेतरी. घरातच असेल."

"आई," ती जमिनीवरूनच म्हणाली, "हे तू केलंस?"

"मग काय तसंच ठेवायचं?" आई म्हणाली. "माणूस फुल्या मारून गेला. एक्केचाळीस फुल्या. चाळीस वर्षांत त्यांनी फुली मारली आणि ते काम मी पडू दिलं, असं झालंय कधी?"

झालं नव्हतं. या घरात फुली म्हणजे काम. खिळा ठोकायचा तिथे फुली, फळी बसवायची तिथे फुली, पाइप गळतो तिथे फुली. बाबा सकाळी पेन्सिलीनं फुली मारून शीतगृहात जायचे, आणि संध्याकाळपर्यंत आई एक तर माणूस बोलावून ते करून घ्यायची नाही तर स्वतःच करायची. भिंतीवरची फुली दोघांचं बोलणं होतं. आणि या वेळच्या फुल्या बुजवायला नाहीत, दाखवायला आहेत, हे बाबांनी फक्त धाकटीला सांगितलं होतं. तिनं ते आईला सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"स्वेटर कापलास?"

"दोन स्वेटर, एक मफलर आणि ती जाड पँट," आई म्हणाली. "लोकर दाबून बसते. कापूस ओला होतो. हे त्यांनीच सांगितलेलं, मी नाही शोधून काढलं."

"एकटीनं केलंस हे सगळं? खुर्चीवर चढून?" दादाचा आवाज चढला. "पडली असतीस म्हणजे?"

"एकट्या नव्हत्या त्या," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनी या घरात कमी बोलायची. बोलली की समोरचा कप उचलून बोलायची, तसा तिनं आत्ताही उचलला होता.

"मी यायचे गुरुवारी. शाळेतून थेट. खुर्चीवर मी चढायचे, आई खालून तुकडे द्यायच्या."

"गुरुवारी तुझा संगणकाचा क्लास असतो," दादा म्हणाला.

"तो सप्टेंबरात संपला."

मामांनी खोकला आल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"म्हणजे मी इकडे आईला न्यायचं बघतोय," दादा म्हणाला, "आणि तू तिकडे भिंती भरतेस. सरळ सांगायचं होतंस ना, आई घरी नको म्हणून."

"मला त्या हव्यात," वहिनीनं कप ठेवला. "उद्या आल्या तर मी माझी खोली देईन. पण त्यांना यायचं नाही. हे मला दर गुरुवारी दिसत होतं. तू कधी कोट काढून बसलास तर तुलाही दिसेल."

तपासनीस बाईंनी पुढे होऊन पंखा बंद केला. त्या चोरटेपणानं घड्याळाकडे पाहत होत्या, पण त्यांनीच शेवटी तोंड उघडलं.

"एक सांगू का? कापड, कागद, लोकर, हे तात्पुरतं धरतात. नियमाप्रमाणे ते काढूनच मोजायचं असतं. मला आधी कळलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं. पण काढायचं घरच्यांनी, मला हात लावता येत नाही. आणि यादी आज बंद होते. मी तीन वाजता निघते."

पावणेदोन झाले होते.

धाकटीला एकदम सुटल्यासारखं वाटलं. "मग काढू की! तासाभराचं काम. मामा, तुम्ही वरच्या..."

"नाही काढायचं," आई म्हणाली.

"आई, पुन्हा भरता येईल. पुन्हा कशाला, अस्तरच बसेल."

"मी एकदा केलेलं काम उपसून पाहिजे कुणाला? आठ पॉइंट काय ते आलं ना? चांगलं आहे म्हणाल्या ना त्या? मग झालं तर. ऊब आहे घरात. मला नको अनुदान."

"ऊब आहे?" दादा म्हणाला. "तोंडातून वाफ निघतेय आई तुझ्या. ठीक आहे, नको तर नको. प्रश्न मिटला. ह्या आठवड्यात तू आमच्याकडे येतेस."

"का येते?"

दादा हीटरकडे वळला.

"अनुदान नको म्हटलं, तर मी तुझ्याकडे का येते? त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

दादानं धाकटीकडे पाहिलं. धाकटी फायलीकडे. आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, लहानपणी काही फुटलं की पाहायची तसं. कुणी फोडलं हे तिला विचारावं लागायचं नाही. कोण आधी सांगतं एवढंच ती बघायची.

"मी म्हटलं होतं त्याला," धाकटी म्हणाली. "आकडा आला तर तो सही करेल. नाही आला तर घर विकायला माझी हरकत नसेल."

"म्हणजे तुम्ही दोघांनी तुमच्या आईचं घर पैजेवर लावलंत," मामा म्हणाले. "वा. आणि पत्ते वाटायला ह्या मॅडम."

"मामा, तुम्ही नका मध्ये पडू," दादा म्हणाला.

"का? भावोजींबरोबर तीस वर्षं बर्फात उभा राहिलोय मी. ह्या घराचं पहिलं छप्पर चढवलं तेव्हा तू पाळण्यात होतास. मध्ये पडू नका म्हणे!"

"तू थांब रे," आई मामांना म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला? एकालाही?"

"तू नाहीच म्हणाली असतीस," दादा म्हणाला. "बाबाही नाहीच म्हणायचे. मी गाडी घेऊन आलो होतो, गेल्या डिसेंबरात. खाली उभी होती. म्हणाले, एवढा हिवाळा काढतो, मग अस्तर लागेल. एवढा हिवाळा!" तो थांबला. कोटाच्या बाहीनं त्यानं नाक पुसलं, मोठ्या माणसाला शोभणार नाही असं. "मला आणखी एकदा ती गाडी खाली उभी करायची नाहीये."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, आता ती त्याच्याजवळ जाईल. ती गेली नाही. ती बाईंकडे वळली.

"अस्तर आतून बसतं?"

"हो. सगळ्या बाहेरच्या भिंतींना."

"म्हणजे ह्या फुल्या झाकल्या जातील?"

"हो." बाई जरा अडखळल्या. "कायमच्या."

हा विचार धाकटीनं केलाच नव्हता. फॉर्म पाठ होता, नियम पाठ होते, खिडकीच्या काचेची जाडीसुद्धा. घर राहिलं पाहिजे म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर हे असंच घर होतं, भिंतीवर बाबांच्या हातच्या फुल्या असलेलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "एखादी भिंत सोडता येत नाही का? निजायच्या खोलीतली?"

"एक भिंत सोडली तर उरलेल्यांचा उपयोग नाही," बाई म्हणाल्या.

आता आई तिच्याकडे पाहत होती. राग निवळला होता. त्या जागी जे आलं ते धाकटीला जास्त अवघड गेलं.

"तुला घर हवंय की फुल्या?" आईनं विचारलं.

इतकी पुस्तकं वाचलेली, दुसऱ्यांच्या दुःखावर तासन् तास बोलू शकणारी मुलगी फायलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"त्यांना अस्तर हवं होतं," आई म्हणाली. "मरेपर्यंत तेच चाललं होतं. आणि मी शहाणी, भिंतीत स्वेटर कोंबत बसले." ती स्वयंपाकघरात गेली आणि लोणी लावायच्या चार बोथट सुऱ्या घेऊन आली. ह्याच सुऱ्यांनी लोकर आत दाबली होती, हे न सांगता कळत होतं. "घ्या. लांबी कडेनं फोडायची, लाकडाला ओरखडा नाही उठला पाहिजे. मामा जिना. तू वर जा गं, तुला जागा ठाऊक आहेत," हे वहिनीला. "आणि तू," दादाला, "कोट काढ. कोट घालून गुडघ्यावर नाही बसता येत."

दादानं कोट काढला.

पुढचा तास घरात फक्त खरवडण्याचे आवाज होते. मधूनच मामांचं पुटपुटणं, "अगं ताई, हे बसवलंयस का पुरलंयस?" वरून वहिनी ओरडून आकडे सांगत होती, बावीस झाले, सव्वीस झाले. जिन्यापाशी ठेवलेल्या टोपलीत तुकडे जमत होते, तपकिरी, राखाडी, मफलरचा निळा. एकेक फट मोकळी झाली तसतसा पावलांना वारा लागायला लागला. हीटर चालूच होता, पण त्याचं आता कुणी ऐकत नव्हतं.

निजायच्या खोलीतली पलंगाशेजारची फट शेवटची. दादा आणि धाकटी दोघंही एकाच वेळी तिथे पोचले. दादानं सुरी घातली, लांबी फोडली आणि बाहेर आली ती स्वेटरची कॉलर, अख्खी, न कापलेली, आतल्या बाजूला आईनं लाल दोऱ्यानं शिवलेलं बाबांचं आद्याक्षर तसंच. शीतगृहात सगळ्यांचे स्वेटर एकाच रांगेतल्या खुंट्यांवर असायचे, म्हणून.

दादानं ती हातात धरली. अक्षरावरून अंगठा फिरवला.

"मॅडमना तीनला जायचंय," धाकटी म्हणाली. मग त्याचा हात धरला, दोघं खाली आले आणि दादानं कॉलर टोपलीत ठेवली.

पंखा पुन्हा सुरू झाला. या वेळी घरभर सुळसुळाट झाला, पडदे भिंतीपासून सुटले, टेबलावरचा पेपर फडफडला आणि पहिलं पान आपलं आपण उलटलं. मामा हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"अकरा पॉइंट दोन," बाई म्हणाल्या.

तिघांनी सह्या केल्या. दादानं सगळ्यांत आधी, न वाचता. आईनं सगळ्यांत शेवटी, सगळं वाचून. कामगार तीन आठवड्यांनी येतील असं सांगून बाईंनी लाल कापडाची घडी केली, बूट घातले आणि गेल्या. दार लागलं, तरी लागल्यासारखं वाटेना.

सगळे बैठकीत उभे राहिले. एक्केचाळीस फटी उघड्या आणि बाहेर थंडीला आताशी कुठे सुरुवात होत होती.

"तीन आठवडे," दादा म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता तो गाडीचं काढणार. त्यानं खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला. "तीन आठवडे मी इथेच झोपतो. वरच्या खोलीत."

"वरच्या खोलीत सर्वांत जास्त वारा आहे," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग बघत काय बसलात?" आई म्हणाली. टोपली तिनं पायानं मधोमध सरकवली. "भरा परत. अंधार पडायच्या आत."

"कुठला तुकडा कुठे होता?" मामांनी विचारलं.

"कुठलाही कुठेही चालतो. सगळा त्यांचाच आहे."

धाकटीनं टोपलीतून कॉलर उचलली. ती ठेवून घ्यावी असं मनात आलं, हात पिशवीपर्यंत गेलासुद्धा. मग ती निजायच्या खोलीत गेली, पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसली आणि ड्रॉवरमधली बाबांची अर्धी जळलेली मेणबत्ती पेटवून फुलीशी धरली. ज्योत वाकली. पेन्सिलीच्या बाणानं दाखवलं होतं तश्शीच, पलंगाकडे, उशीच्या दिशेनं.

तिनं कॉलर दुमडली, आद्याक्षर आतल्या बाजूला घेतलं आणि बोथट सुरीनं दाबत दाबत फटीत बसवली. कोपरा राहिला होता, तोही बसवला.

मग ज्योत सरळ उभी राहिली.